जुना हायवे आणि त्याचे फाटे

महाराष्ट्रात माणसाच्या पदाआधी 'माजी' लागलं की त्याची किंमत वाढते. माजी आमदाराला पेन्शन मिळतं, माजी नगराध्यक्षाला लग्नात पहिल्या रांगेतला सोफा मिळतो, आणि माजी सरपंच तर आजी सरपंचापेक्षा जास्त कामाचा ठरतो, कारण त्याच्याकडे वेळ असतो. रस्त्याच्या नावाआधी 'जुना' लागलं की मात्र सगळा मान संपतो, वर त्याच्याच नावाने टोल वसूल होत राहतो. मुंबई-पुणे जुना हायवे हे याचं ढळढळीत उदाहरण. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि या रस्त्याच्या कपाळी 'जुना' हा शिक्का कायमचा बसला. त्याआधी तो मुंबईकरांसाठी नुसता 'पुण्याचा रस्ता' होता. पुणेकरांच्या मते तो पुण्यात सुरू होतो आणि पुढे नाइलाजाने मुंबईला जातो.

वयाचं म्हणाल तर 'जुना' हे विशेषण त्याला फार आधीच शोभलं असतं. इंग्रजांना या वाटेचा पहिला मोठा अनुभव आला तेव्हा इथे रस्ता नव्हताच, नुसता बोरघाट होता. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायचं म्हणून कंपनीची फौज मुंबईहून निघाली. माणसं चारेक हजार, आणि सामान वाहायला जवळजवळ १९ हजार बैल. हे लटांबर कसंबसं घाट चढून खंडाळ्याला पोचलं आणि तिथून कार्ल्यापर्यंत सरकायला त्याला आठवड्याहून जास्त लागला. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी डॅमला निघालेल्या मंडळींना यात काही नवल वाटणार नाही. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा त्यांचा धाडसी अधिकारी मारला गेला. मराठ्यांनी शत्रू असूनही त्याच्या शौर्याची कदर केली आणि त्याला 'इष्टुर फाकडा' करून टाकलं. उरलेली फौज तळेगावापर्यंत गेली, तिथून माघारी फिरली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तह करून मोकळी झाली. मुंबईहून पुण्याला निघावं आणि वडगाव-तळेगावातूनच परत फिरावं, असं आजही पुष्कळांच्या मनात येतं. फक्त तह करायला समोर कोणी सापडत नाही.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस आधी रस्ता करील आणि मग पुण्यावर चाल करील. इंग्रजांनी क्रम उलटा ठेवला. पेशवाई संपवली १८१८ मध्ये आणि बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता केला १८३० मध्ये. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. आधी लोकांना यायला भाग पाडायचं आणि रस्ता मागाहून बांधायचा, ही पद्धत आपल्या नव्या गृहसंकुलांनी शोधून काढली असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

त्याच रस्त्यावर कॅप्टन ह्यूज नावाच्या अधिकाऱ्याने घाटमाथ्याजवळ एक देखणा दगडी पूल बांधला. पुढे कधीतरी त्या पुलाशी एका डोकेदुखीच्या मलमाचा फलक लागला आणि पूल 'अमृतांजन पूल' झाला. कॅप्टनसाहेबांनी घाटात घाम गाळला आणि बारसं केलं मलमाने. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडल्याचा मुहूर्त साधून, १९० वर्षांचा तो पूल सुरुंग लावून पाडण्यात आला. तरी घाटात अडकलेला माणूस घरी फोन करून अजूनही सांगतो, "अमृतांजन पुलापाशी ट्रॅफिक आहे." म्हणजे पूल गेला, डोकेदुखी तेवढी जागच्या जागी आहे.

या रस्त्याला खरा भाव आला तो रेल्वेमुळे, म्हणजे रेल्वे अर्धवट असल्यामुळे. खोपोलीपर्यंत गाडी आली १८५६ मध्ये. खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली १८५८ मध्ये. मधला घाट तेवढा राहिला. तो पूर्ण व्हायला १८६३ उजाडलं. तोवर पाच वर्षं उतारूंनी खोपोलीला गाडीतून उतरायचं, तट्टावर किंवा पालखीत बसून घाट चढायचा आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसायचं. 'दोन्ही टोकांचं काम पूर्ण, मधला टप्पा प्रगतिपथावर' हे वाक्य सरकारी निवेदनात तेव्हापासून जे मुक्कामाला आलं, ते अजून हललेलं नाही.

घाटातली रेल्वेची वाट इंग्रजांना सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी आख्यायिका आहे. बक्षीस काय हवं असं साहेबाने विचारल्यावर तो म्हणाला, आमचा देश सोडून जा. साहेबाने त्याला गोळी घातली. त्याचं देऊळ जुन्या घाटरस्त्यावर आहे आणि येणारेजाणारे गाडीतूनच त्याच्या दिशेने नाणी टाकतात. या रस्त्यावर लोक स्वखुशीने भरतात असा हा एकच टोल. इथे रांग नाही, पावती नाही, फास्टॅगमध्ये पैसे कमी आहेत म्हणून कोणी बाजूला घेत नाही. आणि खड्ड्यांबद्दल शिंग्रोबाकडे कोणी तक्रारही करत नाही, कारण त्याने वाट दाखवली होती. डांबराचं कंत्राट घेतलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर रस्त्यांना क्रमांक मिळाले आणि हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग चारचा पहिला तुकडा झाला. एनएच फोर. मुंबईतून बाहेर पडताना ठाणे, मुंब्रा, मग शिळफाटा, पनवेल, खोपोली, पुणे, आणि पुढे साताऱ्या-कोल्हापूरवरून थेट मद्रास. पण मद्रासला जाणारा माणूस या रस्त्यावर कधी कोणी पाहिला नाही. सगळे पुण्यालाच चाललेले असत. दादरची टॅक्सी पाचवी सीट मिळाल्याशिवाय हलत नसे. एसटीची 'एशियाड' असे; तिचं नाव १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून पडलेलं आणि वेगही क्रीडास्पर्धेचाच, फक्त मॅरेथॉनचा. घाटात निम्म्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या, आणि ड्रायव्हर हातात पाण्याची बाटली घेऊन रेडिएटर निवण्याची वाट बघत बसलेला. कुटुंब तेवढ्यात दरीचं दर्शन घेऊन येई. आज गाड्या तापत नाहीत, म्हणून दरीही कोणी बघत नाही.

मग द्रुतगती मार्ग आला. ९४ किलोमीटरहून थोडा लांब, सहा पदरी, कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना तिथे बंदी. म्हणजे ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्या जोरावर माल्कमसाहेबांनी रस्ता केला, त्या बैलांसकट सगळी बिनमहत्त्वाची मंडळी जुन्या रस्त्याच्या वाट्याला आली. वाटण्या व्यवस्थित झाल्या. अडचण फक्त घाटात आली. तिथे डोंगर एवढा अवघड की नव्या रस्त्याला सगळीकडे स्वतःची वेगळी वाट काढता आली नाही आणि खंडाळ्याखालच्या टप्प्यात दोघांना एकाच रस्त्यावरून जावं लागलं. ताशी १०० च्या वेगाची स्वप्नं बघणारी मोटार आणि पेंढा भरलेला टेम्पो तिथे शेजारी शेजारी येतात आणि क्षणभर समाजवाद अवतरतो. हा टप्पा चुकवण्यासाठी बोगदे आणि उंच पूल यांचा 'मिसिंग लिंक' आखला गेला. त्याने अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी होतं. हरवलेली वस्तू बांधून काढावी लागते, हे फक्त रस्त्यांच्या खात्यात घडतं.

गंमत कागदावर आहे. नवा झगझगीत रस्ता राज्याच्या महामंडळाने बांधला. जुना, सुरकुतलेला, वडापावच्या वासाचा रस्ता मात्र अजूनही राष्ट्रीय महामार्ग आहे. २०१० साली देशातल्या सगळ्या महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा दिल्लीहून मुंबईला येणारा जुना आठ आणि मुंबईहून मद्रासला जाणारा जुना चार हे जोडून ४८ हा नवा क्रमांक झाला. चार आणि आठ शेजारी शेजारी बसले की ४८ होतात, तेव्हा दोन्ही पक्षांचा मान राखून केलेली ही सोयरीक असावी असं कोणालाही वाटेल. तसं काही नाही. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे, असा तो नियम आहे. नियम इतका सरळ आणि तर्कशुद्ध आहे की तो कोणालाच पाठ नाही. रस्त्याकडेच्या ढाब्यांनी 'एनएच फोर' ही पाटी उतरवलेली नाही. पाटी रंगवायला पैसे पडतात. राजपत्र फुकट निघतं.

मूळ रस्त्याच्या शाखांना त्या नियमात तीन आकडी क्रमांक मिळाले. शेवटी ४८ ठेवायचे आणि पुढे १, २, ३ लावत जायचं. जेएनपीटी बंदराचा रस्ता ३४८, बेळगावहून पणजीला उतरणारा ७४८. शाखांना पुन्हा उपशाखा, त्यांना अक्षरं, शाळेतल्या तुकड्यांसारखी. शहापूर, मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली करत वाकणला जाणारा ५४८ 'अ'. तळेगाव, चाकण, शिक्रापूरचा रस्ता ५४८ 'ड'. चाकणच्या चौकात एकदा उभं राहिलं की 'ड' तुकडीची कीर्ती शाळेबाहेरही तशीच का आहे हे ताबडतोब कळतं.

पण हे झालं सरकारचं. लोकांच्या लेखी शाखा वगैरे काही नसतं, फाटा असतो. फाटा ही आपल्या संस्कृतीची मोठी देणगी आहे. गाव आत सात किलोमीटरवर असतं. तिथे देऊळ, शाळा, ग्रामपंचायत आणि माणसं असतात. बाकी सगळं फाट्यावर असतं: चहा, वडापाव, पंक्चर, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, वाढदिवसाचे फलक आणि गावातली ती माणसं, जी गावात असायला हवी होती. सोयरीक जमवताना मुलाकडचे गावाचं नाव सांगत नाहीत, "फाट्यावर आपला गाळा आहे" एवढं सांगतात. पोरीचा बाप तेवढ्यावर पुढची चौकशी थांबवतो.

जुन्या हायवेचे फाटे म्हणजे तर एकेक संस्थान. शिळफाट्याची कथा सर्वांत करुण. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईचा माणूस ठाणे, मुंब्रा, शिळफाटा करतच पुण्याला जाई. पूल झाला आणि वाटलं, शिळफाटा सुटला. तो कसला सुटतोय! आता तिथे पुण्याला जाणारे नसतात, कल्याण-डोंबिवलीला घरी जाणारे असतात, आणि त्यांना पुण्याला जाणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

पनवेलजवळचा पळस्पे फाटा म्हणजे कोकणचा दरवाजा. गोव्याचा रस्ता इथून फुटतो. आधी त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. या फाट्याची कीर्ती मूळ खोडाहून मोठी झाली, कारण त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि तेव्हापासून दर गणपतीला कोणीतरी मंत्री पाहणी करून 'पुढच्या गणपतीपर्यंत' असं जाहीर करतो. कोणता गणपती, ते कोणी विचारत नाही. गणपतीला घाई नसते, आणि चाकरमान्याला इतकी असते की खड्डे मोजायलाही तो थांबत नाही.

पुढे चौकला कर्जतचा फाटा. खोपोलीच्या अलीकडे महडच्या वरदविनायकाचा. अष्टविनायकाचं महड आणि रायगडच्या वाटेवरचं महाड यांचं रोमन स्पेलिंग एकच असल्यामुळे फोनवरच्या नकाशाला विचारून निघालेली काही भाविक कुटुंबं दर्शनाऐवजी चवदार तळ्यापाशी पोचतात. तेही तीर्थच, पण नारळ घेऊन आलेली आजी ऐकून घेत नाही. घाट चढून गेल्यावर कार्ला फाटा. इथे एका डोंगरावर दोन हजार वर्षांची लेणी आणि एकवीरा आई. लेणी बघायला परदेशी पाहुणे येतात, आईला कोळी बांधव येतात, आणि फाट्यावर दोघांनाही तीच चिक्की त्याच भावाने, 'खास लोणावळ्याची' म्हणून मिळते. लोणावळा मागे जाऊन बराच वेळ झालेला असतो, हा तपशील. मग वडगाव फाटा, सोमाटणे फाटा, आणि सोमाटण्याला टोलनाका. नव्या रस्त्याचा टोल चुकवावा म्हणून जुन्यावर यावं, तर २००४ सालीच दोन्ही रस्त्यांचा टोल एकाच कंत्राटात बांधून दिलेला. सुटका शोधणाऱ्याचा असा बंदोबस्त पेशव्यांनाही वडगावला जमला नव्हता.

आता पदावनतीची गोष्ट, कारण महामार्गाच्या इतिहासात ती टाळता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. पुढे छोट्या गावांसाठी, म्हणजे २० हजारांपर्यंत लोकवस्ती असलेल्या ठिकाणी, ही मर्यादा २२० मीटर झाली. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. तारीख बघून काही जणांना वाटलं की गंमत असेल. नव्हती. मग देशभर एक अद्भुत लाट आली. आयुष्यभर 'आमच्या रस्त्याला महामार्गाचा दर्जा द्या' म्हणून निवेदनं देणारे लोक 'आमच्या रस्त्याचा दर्जा काढून घ्या' म्हणून धावू लागले. चंदीगडमध्ये राज्य महामार्ग रातोरात जिल्हा मार्ग झाले. केरळात एका बारने दार हलवलं नाही. दारापर्यंतची वाटच भुलभुलैयासारखी नागमोडी केली आणि अंतर वाढवलं. येताना चक्रव्यूह भेदता येत होता, जाताना काय होत असेल ते अभिमन्यूलाच ठाऊक. महाराष्ट्रातही काही शहरांतून जाणारे राज्याचे रस्ते पालिकांच्या गळ्यात घालण्याच्या हालचाली झाल्या. अखेर जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केलं की पालिकांच्या हद्दीतल्या रस्त्यांना ही बंदी लागू नाही, आणि ग्लास पुन्हा किणकिणले.

डांबर तेच, खड्डे तेच, वळणं तीच. सकाळी राज्य महामार्ग आणि संध्याकाळी गल्ली. रस्त्याचा दर्जा डांबरावर ठरत नाही, फायलीवर ठरतो, हे त्या वसंतात शाळकरी पोरांनाही कळलं.

पुण्याच्या अंगाला जुन्या हायवेचं जे झालं तेही बघण्यासारखं आहे. देहूरोडहून कात्रजला बाह्यवळण गेलं आणि मद्रासची वाट शहराबाहेरून निघाली. निगडी, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, दापोडी असा मूळ रस्ता शहराच्या पोटात राहिला. त्यावर आता भुयारी वळणं आहेत, बसची वेगळी मार्गिका आहे, डोक्यावरून मेट्रो जाते. इथल्या एखाद्या पोराला सांगा की बाबा, ही फौजांची आणि बैलांची वाट होती. तो विचारील, "कुठला स्टॉप?" पण पत्ता देताना तोही 'जुना मुंबई-पुणे हायवे' असंच लिहितो. महामार्गाचा क्रमांक कोणाच्या पत्त्यात सापडणार नाही.

याचं कारण साधं आहे. क्रमांक सरकार देतं आणि सरकारच बदलतं. नावं लोक ठेवतात आणि ती पूल पाडून जात नाहीत. पुढेमागे ४८ चाही कोणी दुसरा आकडा करील. त्याआधी तुमच्याकडे पाहुणे येणार असतील तर त्यांना महामार्गाचा क्रमांक सांगत बसू नका. फाटा सांगा, आणि फाट्यावर कोणालाही विचारा म्हणावं. शिवाय त्यांना सांगा की सुट्टे पैसे जवळ ठेवा, घाटात शिंग्रोबा आहे.